डबीतली नाळ

आईच्या हाडांचं दुखणं दवाखान्याच्या कागदांप्रमाणे दोन हजार सालानंतर सुरू झालं. माझ्या मते ते मी दहावीत असताना, महालक्ष्म्यांच्या सणात सुरू झालं. हे मी घरात कोणाला पटवून देऊ शकलेले नाही, पण सोडायलाही तयार नाही. मी नाकावर राग घेऊनच जन्माला आले असं आमच्याकडे म्हणतात. असेल.

हिंगणघाटला आमचं बारदान्याचं दुकान होतं. जिनिंगवाल्यांना, धान्यवाल्यांना पोती लागायची. जुनी पोती घ्यायची, फाटकी वेगळी काढायची, दाभणाने शिवायची आणि पुन्हा विकायची, हा बाबांचा धंदा. दुकान पुढे आणि घर मागे, त्यामुळे आमच्या कपड्यांनासुद्धा तागाचा वास असायचा. घरात आजीचा शब्द चाले. महिन्याचे ते दिवस बाईने मागच्या पडवीत बसायचं, कशाला शिवायचं नाही, हा आजीचा कायदा. आईला मात्र ते दिवस पुरत नसत. तिचं अंगावरून जाणं एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नसे. त्या वर्षी ते नेमकं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आलं. सोळा भाज्या निवडून ठेवलेल्या, आंबिलीचं पीठ भिजलेलं, पुरणाची डाळ चुलीवर, आणि आई पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. आत्याला घाईघाईने बोलावून स्वयंपाक उरकावा लागला. आजी दिवसभर एक शब्द बोलली नाही, त्याचीच सगळ्यांना जास्त धास्ती वाटली.

दिवाळी झाल्यावर बाबा आईला वर्ध्याच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेले. दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, ठेवली तर पुढे कॅन्सरची भीती, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. सांगितलं ते बाबांना. आई बाहेर बाकावर बसली होती. गर्भपिशवी काढली आणि एकदा पोट उघडलंच आहे तर म्हणून दोन्ही अंडाशयंही काढून टाकली. आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती. शेजारच्या बायका भेटायला आल्या की म्हणायच्या, "सुटली वं बाई तू." आई हसून म्हणायची, "हो ना, सुटली." आणि ती खरंच खूश होती, हे मी मान्य करते. पुढच्या महालक्ष्म्यांना तिने अख्खा स्वयंपाक एकटीने केला. आजीने सगळ्या पाहुण्यांसमोर तिच्या आंबिलीचं कौतुक केलं.

आमच्या ओळखीच्या किती घरांतून असंच झालं होतं. त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मी शिकले, वर्ध्याला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले, तिथल्याच एका ऑफिसातल्या माणसाशी लग्न केलं. धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला आणि या सगळ्या प्रकरणात तो फोनवरच राहिला. आजी वारली. देवघर आईच्या ताब्यात आलं.

मग एकदा आई मला भेटायला एसटीने वर्ध्याला येत होती. मागच्या बाकावर जागा मिळाली. रस्त्यात गाडी खड्ड्यात आदळली, तसे बसमध्ये सगळेच उडाले, पुन्हा बसले आणि ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडून मोकळे झाले. आईला मात्र खाली उतरता येईना. कंडक्टरने आणि एका कॉलेजच्या पोराने तिला धरून रिक्षात बसवलं. माझ्या दारात ती उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तिच्या हातात माझ्यासाठी आणलेला सांडग्यांचा डबा होता.

मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढला. मणक्याचं एक हाड चेपलं होतं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काकू, पाळी कधी थांबली तुमची?"

आई बाबांसमोर अवघडली. मग म्हणाली, "थांबली नाई. काढून टाकली."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. कधी, ते विचारलं. आईने सांगितलं. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बाईची हाडं राखणारा रस अंडाशयातून येतो. तो आईच्या शरीरात छत्तिसाव्या वर्षी एका दिवसात बंद झाला, आणि तेव्हापासून हाडं आतल्या आत झिजत गेली. मी दरवर्षी फळ्यावर त्या ग्रंथीची आकृती काढत होते. खाली नावं देत होते. मुलींकडून पाठ करून घेत होते.

"हाड आतून जाळीसारखं असतं," त्या बाबांना म्हणाल्या. "यांची जाळी विरली आहे."

बाबांना इतका वेळ काही कळत नव्हतं, पण हा शब्द त्यांच्या धंद्यातला होता. त्यांनी लगेच विचारलं, "मंग शिवता येते का?"

शिवता येत नव्हती. उरली आहे ती टिकवायची, एवढंच हातात होतं. कॅल्शियम, ऊन, चालणं आणि आठवड्यातून एक गोळी. ती उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वजन उचलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढे वाकायचं नाही. बाबा ऐकत होते, मान हलवत होते, पण मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. त्या जुन्या दवाखान्यात आत कोण बसलं होतं आणि बाहेर बाकावर कोण, हे त्यांनाही आठवलं असणार.

आईने सगळे नियम पाळले. पाटावर बसणं सोडलं, झाडू सोडला, गोळी घेऊन अर्धा तास अंगणात येरझारा घालायची. तरीही वर्षभरात दुसरा मणका चेपला, कशाने ते कळलंसुद्धा नाही. तिची उंची कमी झाली. देवघराच्या वरच्या फळीवर तिचा हात पोचत असे, तो पोचेनासा झाला. ती मला सांगायची, फळीच वर गेली असंन. मी हसायचे आणि वर्ध्याला परत जाताना बसमध्ये रडायचे.

अशात मला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, उपास झाले, टोमणे झाले, आणि आता कोणी विचारायचंही सोडलं होतं तेव्हा हे झालं. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाळंतपणाले इकडंच येजो. लेकराले मी न्हाऊ घालीन."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण बाळाला न्हाऊ घालणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब पसरायचे, त्या पायांवर बाळ पालथं घालायचं, मग पुरं वाकून तेलाने रगडायचं, ओतायचं, उलटं करायचं, नाक दाबायचं, पुन्हा ओतायचं. आईने अख्ख्या गल्लीतल्या बाळांना असं न्हाऊ घातलं होतं. लोक सांगून बोलवायचे. डॉक्टरीणबाईंनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्या एका आंघोळीत होतं. मी तिला तसं स्पष्ट बजावलं. ती "बरं" म्हणाली. आईचं "बरं" काय असतं ते मला चांगलं माहीत होतं.

तेव्हा बाबा दुकानात बसून पेपरची ओळ न् ओळ वाचायचे. त्यात त्यांना एक बातमी सापडली. बाळाच्या नाळेतल्या रक्तात मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून शरीरातला कुठलाही भाग नवा होऊ शकतो, हाडंसुद्धा, असं त्यात लिहिलं होतं. बातमीच्या शेजारीच नागपूरच्या एका दवाखान्याची जाहिरात होती. बाबांनी ती कापून पाकिटात ठेवली आणि मला फोन केला. "तू तं पेशीच शिकवतेस. खरं हाये का हे?"

मी डॉक्टरीणबाईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, "मूळ पेशी म्हणजे आपण पुढे कोण व्हायचं हे अजून न ठरलेली पेशी. तिची हाड बनवणारी पेशी होऊ शकते, हे खरं आहे. प्रयोगशाळेत काम चालू आहे. कदाचित पुढे औषध निघेल. पण आज माणसाला टोचली तर ती मणक्यात जाऊन हाडच करील, दुसरं काही करणार नाही, हे कोणी सांगू शकत नाही. जो सांगतो त्याला विचारा, कशावरून." मी हे बाबांना शब्दशः सांगितलं. बाबांनी त्यातलं 'हे खरं आहे' तेवढं ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही रात्रंदिवस तेच तीन शब्द घोळवत होते. मला आई सरळ उभी राहायला हवी होती. त्यासाठी मी कुठेही गेले असते.

आम्ही दोघं नागपूरला गेलो, आईला न सांगता. काचेचं दार, गार खोली, भिंतीवर हसऱ्या बाळांचे फोटो. समोरचा माणूस टाय लावलेला आणि फार नम्र. बाबांनी आईचे एक्स-रे दिले, पूर्ण हकिगत सांगितली आणि मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून पितळेची एक डबी काढून टेबलावर ठेवली.

ती डबी मी लहानपणापासून देवघरात पाहिली होती. आमच्या घरात पहिल्या लेकराची नाळ गळून पडली की वाळवून, हळद लावून, सुपारीबरोबर डबीत ठेवायची पद्धत होती. लेकरू पुढे कधी फार आजारी पडलं तर ती उगाळून लावतात म्हणे. डबीत माझी नाळ होती. तीस वर्षांची, काळी, चिंचेच्या वाळल्या टरफलाएवढी. बाबांनी झाकण काढून डबी पुढे सरकवली आणि म्हणाले, "साहेब, नाळ तं आमच्याकडं हाये. हिची हाये. हिच्या आईलेच लागायची हाये. होते का यातून?"

मला वाटलं, आता हा माणूस हसणार. तो हसला असता तर बरं झालं असतं, आम्ही उठून बाहेर पडलो असतो. तो हसला नाही. त्याने डबीत निरखून पाहिलं, झाकण लावलं आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाला, वाळलेली चालत नाही, त्यातलं रक्त जिवंत नसतं. मग त्याची नजर माझ्या पोटावर आली. तो म्हणाला, पण देवाने तुम्हाला योग्य वेळी पाठवलंय. ताईंच्या बाळंतपणाला आमचा माणूस येईल, नाळेचं रक्त घेऊन जाईल, आणि आजीबाईंना नातवाकडूनच नवी हाडं मिळतील.

कशावरून, असं मी विचारलं. आधी किती जणांची हाडं अशी भरली, एखाद्याचे फोटो दाखवा, म्हटलं. त्याने पुन्हा भिंतीवरच्या बाळांकडे हात केला आणि म्हणाला, "विश्वास ठेवावा लागतो, ताई." माझं डोकं फिरलं. मी बाबांना म्हटलं, उठा. बाबा उठले नाहीत. त्यांनी डबी उचलून खिशात ठेवली आणि त्या माणसाला विचारलं, बाळंतपणाच्या किती आधी कळवायचं.

नागपूर ते हिंगणघाट आम्ही गाडीत भांडत आलो. मी म्हणत होते, तो फसवतोय. बाबा म्हणत होते, फसवत असंन तं फसवू दे, नाई केलं तं काय होते ते दिसूनच राह्यलं ना. शेवटी त्यांचा आवाज फुटला. "तवा डॉक्टरनं म्हटलं आन् मी सही केली. आता डॉक्टर नाई म्हणते आन् मी गप बसू? तुह्या आईचं मीच केलं हे. भरून बी मीच देईन." मी त्यांच्यावर चिडले होते, आणि तरी त्या क्षणी मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. समोरच्या बाकावरचे लोक बघत होते.

घरी आल्यावर बाबांनी आईला सगळं सांगून टाकलं, अगदी आनंदाची बातमी सांगावी तसं. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. ती शेवटपर्यंत ऐकत होती, हात चालूच होते. बाबांचं बोलून झाल्यावर तिने देठं बाजूला सारली.

"माह्या पोटातलं काढलं," ती म्हणाली, "तवा कोणी मले विचारलं नाई. आता माह्या अंगात घालायचं, तं तेही तुमीच ठरवून आले."

बाबा म्हणाले, "तुह्यासाठीच तं करून राह्यलो."

"तवाही माह्यासाठीच केलं होतं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच सोसवेना. राग तर त्या पहिल्या एक्स-रेपासून मी तिच्या वतीने करत आले होते. "लेकराच्या नाळेतलं मले काई नको. ते यायच्या आधीच त्याच्यापाशी मागनं कायचं? आन् हिच्या बाळंतपणात कोणी परका माणूस बाटली घेऊन उभा राह्यचा नाई."

विषय तिथेच संपला. बाबांनी पाकिटातलं जाहिरातीचं कात्रण फेकलं की नाही ते मला माहीत नाही. डबी परत देवघरात गेली.

मुलगा झाला, वर्ध्याच्याच हॉस्पिटलात. सुटी मिळाल्यावर आम्ही हिंगणघाटला आलो. न्हाऊ घालायला एका बाईला सांगून ठेवलं होतं, ती पहिल्या सकाळी वेळेवर आली. आईने खुर्चीत बसून पाहिलं, सूचना दिल्या, त्या बाईला वैताग आणला. मला वाटलं, भागलं. दुसऱ्या सकाळी मी जागी झाले तेव्हा शेजारी बाळ नव्हतं. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. मी जाऊन पाहिलं तर आई पाटावर बसली होती, पाय पसरलेले, पायांवर माझा मुलगा पालथा, आणि ती त्याच्यावर पूर्ण वाकून तेल जिरवत होती. ती बाई दारात उभी होती. आईने तिला आल्या पावली थांबवलं होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. आईने मान वर केली नाही. "आता ओरडू नको, दचकते तो," एवढंच म्हणाली आणि पाणी ओतायला लागली. बाळ रडत होतं आणि तिचे हात इतके सराईत होते, की ओरडता ओरडता मीच बघत उभी राहिले. तिने त्याला पुसलं, धुरी दिली, दुपट्यात घट्ट बांधलं आणि माझ्या हातात दिलं. त्यानंतर तिने मला सांगितलं, "मले उठव."

तिला उठता आलं नाही. पाठीत काहीतरी तडकलं होतं, बाळाला उलटं करतानाच. मधला सगळा वेळ ती तशीच न्हाऊ घालत होती. डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेव्हा आणखी एक मणका गेलेला निघाला. पडून राहा, म्हणाल्या. कशाने झालं हे विचारल्यावर आईने न लाजता सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या. "सांगितलं होतं ना काकू तुम्हाला?" आई म्हणाली, "सांगितलं होतं. मले समजलंही होतं. हे मी ठरवून केलं."

मी त्या वाक्यावर अजून भांडते, मनातल्या मनात. तिला तिच्या देहावर हक्क होता, कबूल. पण तो तिने असा वापरावा, माझ्या पोरासाठी, एका आंघोळीसाठी? मला तिचा अभिमान वाटतो असं लोकांना वाटतं. मला तिचा राग येतो. दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशीपासून ती बाई आलीच नाही. आजीबाईंचं आपल्यामुळे झालं म्हणून घाबरली असावी. सकाळी पाणी तापलेलं, बाळ भुकेलं, माझे टाके ओले. बाबा दुकान उघडायचं सोडून आत आले, धोतर वर खोचलं आणि मोरीत पाटावर जाऊन बसले. आमच्या घरात कोणा पुरुषाने हे केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाय पसरले आणि म्हणाले, "आण." आई आतल्या खाटेवरून सांगायची. तिला मान वळवता येत नव्हती, दिसत काहीच नव्हतं, नुसत्या रडण्यावरून सांगायची. पाणी जास्त कढत झालं. डोकं खाली चाललं त्याचं. आता पालथा करा. बाबा "हो, हो" म्हणत तसं करायचे.

अशाच एका सकाळी त्यांच्या पायांवरच नाळ गळून पडली. बाबांनी ती ओंजळीत घेतली. बाळाला मी पुसून आत नेलं आणि आईच्या कुशीशी ठेवलं. मला वाटलं, बाबा आता देवघरात जाऊन डबी काढतील. त्यांनी डबी काढलीही. पण ती उघडी डबी एका हातात आणि दुसऱ्या हातात ती ओली नाळ घेऊन ते खाटेपाशी आले आणि उभे राहिले.

"काय करू हिचं?" त्यांनी आईला विचारलं. "ठेवू का? पुढं कवा जमलं तं... तू सांग."

आई छताकडे पाहत होती. बाबा तसेच ताटकळत उभे राहिले, आणि कोणी त्यांना बस म्हटलं नाही.

"पुरून टाका," आई म्हणाली. "तुळशीमागं. दोन्ही."

बाबा खुरपं घेऊन अंगणात गेले. आईने बाळाच्या दुपट्यावर हात ठेवला होता, आणि माती उकरल्याचा आवाज थांबेपर्यंत तिने तो काढला नाही.